फिल्म-व्हिडिओचं ट्रेनिंग द्यायचंय, ग्रँट मिळते का? जरा सविस्तर उत्तर

वाईच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचा आणि मिस्टरांचा छोटा स्टुडिओ आहे, लग्नं, लोकल जाहिराती, यूट्यूबची कामं करतात. आजूबाजूला सिरियल आणि सिनेमांची शूटिंगं सतत चालू असतात पण युनिटची माणसं बसमध्ये भरून मुंबईहून येतात, म्हणून तालुक्यातल्या तीसेक मुलामुलींना कॅमेरा, लाइट, साउंड, एडिटिंग शिकवायचं डोक्यात आहे, त्याला सरकारी ग्रँट मिळेल का आणि अर्ज कुठे करायचा. शिवाय भाच्याला मुंबईत साउंडचा कोर्स करायचाय, फी साडेतीन लाख, त्याला काही होईल का. मी ट्रेनिंगची प्रपोजलं लिहिणं, बॅचेस चालवणं आणि नंतर त्यांचे हिशेब देत बसणं हेच काम बरीच वर्षं करतोय त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

पैसा आहे ताई. पण "फिल्म ट्रेनिंग ग्रँट" असा बोर्ड लावलेली खिडकी कुठेच नाहीये. जो पैसा आहे तो स्किल डेव्हलपमेंटच्या नावाने आहे, अप्रेंटिसशिपच्या नावाने आहे, कंपन्यांच्या सीएसआरमध्ये म्हणजे सामाजिक कामासाठी बाजूला काढलेल्या पैशात आहे, आणि त्या प्रत्येकाला सिनेमाशी काही घेणंदेणं नाही, त्यांना एवढंच कळतं की किती जण शिकले आणि त्यातले किती कामाला लागले. तुम्ही "आम्हाला फिल्ममेकिंग शिकवायचंय" म्हणून गेलात तर साहेब मान हलवतील आणि फाइल तिथेच राहील. "सोळा असिस्टंट लाइटमन आणि एडिटिंग असिस्टंट तयार करायचेत, त्यांना काम देतो म्हणून या चार प्रॉडक्शनवाल्यांची पत्रं आहेत" म्हणून गेलात तर बसायला खुर्ची मिळते.

आधी एक गोंधळ मिटवतो कारण दर आठवड्याला कोणीतरी हा विचारतंच. मराठी सिनेमाला राज्य सरकारचं जे अनुदान मिळतं, अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख, ते गोरेगावच्या चित्रनगरीतल्या महामंडळामार्फत मिळतं आणि ते तयार झालेल्या सिनेमाला मिळतं. पिक्चर पूर्ण, सेन्सॉर झालेला, परीक्षण समितीने बघितलेला, मग पैसे. ट्रेनिंगचा त्याच्याशी संबंध नाही. गोव्यातल्या फिल्म फायनान्स स्कीमचंही तसंच, ती सिनेमा काढणाऱ्यासाठी आहे. "चाळीस लाखाची स्कीम आहे, त्यातून क्लास काढून देतो, फाइलचे वीस टक्के आमचे" असं सांगणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजू नका.

आता खरा रस्ता. केंद्राची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ला आली, सध्याची तिची चौथी आवृत्ती. फेब्रुवारी २०२५ला केंद्राने ही योजना, अप्रेंटिसशिपची योजना आणि जन शिक्षण संस्थान हे तिन्ही एकाच स्किल इंडिया कार्यक्रमात घातलं, २०२६पर्यंतच्या मुदतीसाठी ८,८०० कोटी मंजूर झाले. म्हणजे तुम्ही अर्ज करायला जाल तेव्हा ताज्या मार्गदर्शक सूचना काय आहेत ते बघूनच जा, मी सांगतोय ती या सगळ्याची चाल आहे, ती फारशी बदलत नाही. राज्याची त्याच धर्तीची योजना म्हणजे प्रमोद महाजन कौशल्य व उद्योजकता विकास अभियान, ती राज्याच्या कौशल्य विकास सोसायटीकडे आहे. साताऱ्यात जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचं ऑफिस आहे, तिथले सहायक आयुक्त हा तुमचा पहिला माणूस. कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची कौशल्य विकासाची समिती असते, जिल्ह्यात कुठल्या ट्रेडला मागणी आहे हे तिथे ठरतं. बहुतेक जिल्ह्यांत तिथे शिलाई, नर्सिंग असिस्टंट, इलेक्ट्रिशियन, रिटेल एवढंच येतं कारण दुसरं कोणी मागतच नाही. वाईत शूटिंगवर किती माणसं रोजाने लागतात हे त्या समितीला कोणी लेखी सांगितलंय का? बहुधा नाही. ते काम तुम्ही करा, त्याला पैसे लागत नाहीत. लोकेशनवाले, लाइन प्रोड्युसर (शूटिंगची जागेवरची व्यवस्था आणि खर्च बघणारा), जनरेटरवाले, केटरिंगवाले यांच्याकडून एकेक पानाचं पत्र घ्या की वर्षाला साधारण किती दिवस शूट असतं आणि कुठली माणसं बाहेरून आणावी लागतात.

या योजनांमध्ये सगळं "जॉब रोल"वर चालतं. मीडियासाठी फिक्की या उद्योगांच्या संघटनेच्या पुढाकाराने उभं राहिलेलं मीडिया अँड एंटरटेन्मेंट स्किल्स कौन्सिल आहे, त्यांनी प्रत्येक कामाचं क्वालिफिकेशन बांधलंय, म्हणजे अॅनिमेटर, रोटो आर्टिस्ट (चित्रातली माणसं-वस्तू फ्रेमफ्रेमने वेगळी काढणारा), कंपोझिटर (वेगवेगळी दृश्यं एकत्र जोडणारा), एडिटर, साउंड एडिटर, मेकअप आर्टिस्ट, हेअरड्रेसर वगैरे, प्रत्येकाची लेव्हल ठरलेली, तास ठरलेले, परीक्षा घेणारा असेसर बाहेरचा. पैसे त्या जॉब रोलला मिळतात. "कॅमेरा, लाइट, साउंड, एडिटिंग सगळं थोडं थोडं" असा कोर्स यात बसत नाही, आणि खरं सांगू, बसत नाही तेच बरंय. सगळं थोडं थोडं येणाऱ्या पोराला सेटवर कोणी उभं करत नाही. सेटवर विचारतात तू काय करतोस, त्याचं एका शब्दात उत्तर पाहिजे.

गणित करून दाखवतो म्हणजे अंदाज येईल. सरकार प्रत्येक मुलामागे प्रत्येक तासाला ठरलेला दर देतं, ट्रेडच्या कॅटेगरीप्रमाणे, साधारण पस्तीस ते एकोणपन्नास रुपयांच्या पट्ट्यात. मधला चाळीस धरा. ३० मुलं, ३०० तासांचा कोर्स, झाले ३ लाख ६० हजार. ऐकायला बरं वाटतं. आता त्यातून शिकवणाऱ्याला तासाला पाचशे दिले तर दीड लाख तिथेच गेले, आणि तो एकच माणूस धरला, प्रॅक्टिकलला तीस पोरांवर एक माणूस पुरत नाही. राहिले दोन लाख दहा हजार, त्यात जागेचं भाडं, वीज, एडिटिंगची मशिनं, लाइट, बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र, एक ऑफिस सांभाळणारी व्यक्ती, सेंटरच्या मान्यतेची फी. कॅमेऱ्याचं भाडं कुठून देणार? त्यामुळे या योजनेत जी सेंटरं नीट चालतात ती बहुतेक कॉम्प्युटरवरच्या ट्रेडची, रोटो, अॅनिमेशन, एडिटिंग, कारण एकदा मशिनं घेतली की बॅचवर बॅच निघते. मेकअपचीही चालतात. लाइट आणि कॅमेऱ्याची या दरात चालवणारा माणूस एकतर स्वतःचा माल वापरतोय नाहीतर काहीच शिकवत नाहीये.

आणि हे पैसे आधी मिळत नाहीत. पूर्वीची पद्धत अशी होती की बॅच सुरू झाली की ३० टक्के, मुलं पास होऊन सर्टिफिकेट मिळालं की ५० टक्के, आणि कामाला लागल्याचा पुरावा दिला की उरलेले २०. चौथ्या आवृत्तीत शॉर्ट टर्म ट्रेनिंगच्या पैशाचा प्लेसमेंटशी असलेला संबंध तोडला, त्याने आपल्या धंद्याला श्वास मिळाला कारण सिनेमात अपॉइंटमेंट लेटर आणि पगाराची स्लिप कोण देतो. पोरगं महिन्यात अठरा दिवस तीन वेगवेगळ्या युनिटवर असतं, कमाई बरी असते, पण कागदावर ते बेरोजगार. राज्याच्या किंवा कंपनीच्या ज्या प्रोजेक्टात प्लेसमेंटची अट अजून आहे तिथे करार करतानाच लिहून घ्या की फ्रीलान्स कामाचा पुरावा म्हणून कॉल शीट (कोणी कधी कुठे सेटवर यायचं याचा त्या दिवसाचा कागद), युनिटचं पत्र आणि बँकेत किंवा यूपीआयने आलेलं मानधन चालेल. सही व्हायच्या आधी हे वाक्य घालणं सोपं असतं, नंतर ऑडिटर समोर बसला की कोणी ऐकत नाही. मुलांनाही पहिल्या दिवशीच सांगून ठेवा की कॉल शीटचे व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो डिलीट करायचे नाहीत.

अजून एक गोष्ट लोकांना उशिरा कळते. शिकवणारा कितीही मोठा असो, त्याच्याकडे त्या जॉब रोलचं ट्रेनरचं सर्टिफिकेट लागतं, त्याला टीओटी म्हणतात. वीस वर्षं गॅफर म्हणजे लाइटचा मुख्य असलेला माणूस आला तरी टीओटी नसेल तर त्याचे तास कागदावर धरत नाहीत. त्यामुळे तुमच्यापैकी एकाने, ताई तुम्ही किंवा मिस्टर, आधी ते करून घ्या आणि बाहेरचे उस्ताद लोक गेस्ट म्हणून बोलवा. आणि कोणी "आमचं मान्यताप्राप्त सेंटर आहे, आमच्या नावाखाली तुम्ही वाईत चालवा" म्हणाला तर सांभाळून, केंद्राच्या योजनेत सेंटर असं दुसऱ्याला फ्रँचायझी म्हणून देणं नियमात बसत नाही, आणि इन्स्पेक्शनला अडकतो तो जागेवर असलेला.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल मग कशाला जायचं तिकडे. तुमच्या केसमध्ये मी पहिल्या वर्षी तिकडे जाऊच नका म्हणेन. एक अपवाद, आरपीएल. म्हणजे ज्याला काम आधीच येतं त्याची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट द्यायचं, मध्ये थोडं ओरिएंटेशन. वाई-मेणवलीच्या आसपास किती लोक वर्षानुवर्षं शूटिंगवर थर्माकोल धरतायत, जनरेटर बघतायत, सेटिंगला जातायत, मेकअपदादांच्या हाताखाली आहेत, त्यांच्याकडे एक कागद नाही. जो रोल कौन्सिलच्या यादीत आहे त्यात या लोकांचं आरपीएल करून घेणं स्वस्त पडतं, त्यातून तुमचं नाव आणि जिल्ह्याच्या ऑफिसशी ओळख दोन्ही होतं. त्या सर्टिफिकेटने मुंबईत युनियनचं कार्ड मिळत नाही हे मात्र त्यांना स्पष्ट सांगा, नाहीतर नंतर शिव्या तुम्हाला पडतील.

पहिल्या वर्षी तुमच्यासाठी सीएसआर. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्ये ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि कुठल्या कामावर याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. त्यात रोजगार देणारी व्होकेशनल कौशल्यं स्पष्ट लिहिलीत. कला-संस्कृतीसुद्धा आहे पण तिकडून जाऊ नका, कला म्हटलं की कंपनीवाल्यांना जुन्या वास्तू आणि हस्तकला आठवतात. शिरवळ, खंडाळा, लोणंद पट्ट्यात तुमच्यापासून तासाभराच्या आत भरपूर कारखाने आहेत, त्यातल्या पाच कोटी नफ्यावाल्या प्रत्येक कंपनीला दरवर्षी हा पैसा कुठेतरी द्यायचाच असतो आणि आपल्याच पट्ट्यात दिलेला त्यांना आवडतो. त्यांच्याकडे शाळेच्या भिंती रंगवणं आणि वह्यावाटप यांचे अर्ज ढिगाने पडलेले असतात. तुमचा वेगळा दिसेल.

अडचण अशी की स्टुडिओ तुमच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरशिप, तिला सीएसआरचा पैसा थेट घेता येत नाही. घेणारी संस्था ट्रस्ट, सोसायटी किंवा सेक्शन ८ म्हणजे ना-नफा कंपनी लागते, इन्कम टॅक्सची १२ए आणि ८०जी नोंदणी असलेली, अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव असलेली, आणि १ एप्रिल २०२१पासून सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी केलेली. नवीन ट्रस्ट काढून तीन वर्षं थांबायची गरज नाही. जवळच्या कॉलेजची शिक्षणसंस्था बघा, त्यांच्याकडे हे कागद बहुतेक असतात, पैसा त्यांच्याकडे येईल आणि ट्रेनिंगचं काम ते लेखी करारावर तुम्हाला देतील. त्यात कॉलेजचाही फायदा आहे आणि तो त्यांना नीट समजावून सांगा. नवीन शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना कौशल्याचे विषय आणि ऑन जॉब ट्रेनिंगची क्रेडिट्स घ्यावी लागतात, शिवाजी विद्यापीठाखालची कॉलेजं त्यासाठी जागा शोधत फिरतायत. बीएच्या पोराला ओजेटीसाठी झेरॉक्सच्या दुकानात बसवण्यापेक्षा तुमच्याकडे एडिटिंगला बसवलं तर प्राचार्यही खूश. करारात एवढं बघा की कॉलेज व्यवस्थापनाचा वाटा किती कापणार आणि तुमचे हप्ते किती दिवसांत देणार, हे आकड्यात लिहा. तोंडी "देऊ की, पैसे आले की" यावर कोणाचंही घर चालत नाही.

आता प्रपोजल. इथे जरा रेंगाळतो कारण लोक मार खातात ते इथेच. तीस मुलं नकोत, सोळा घ्या. दोनच रोल घ्या, माझ्या मते लाइट-ग्रिपचे (ग्रिप म्हणजे ट्रॉली, स्टँड वगैरे सांभाळणारे) असिस्टंट आणि एडिटिंग-डेटाचे असिस्टंट. येणाऱ्या प्रत्येक पोराला कॅमेरामन व्हायचं असतं पण एका युनिटवर कॅमेरामन एक असतो आणि लाइटला दहा-बारा माणसं असतात. कार्ड कॉपी करणं, दोन ठिकाणी बॅकअप, रिपोर्ट लिहिणं हे काम नीट करणारी पोरं तर मुंबईतही सहज मिळत नाहीत, आणि मुलींना घरून परवानगी मिळण्याच्या दृष्टीनेही एडिट-डेटाचं काम आधी पटतं, मग एकदा सेटवर गेल्या की पुढे काय करायचं ते त्या ठरवतात.

बजेटमध्ये कॅमेरा विकत घ्यायचा लिहू नका. प्रपोजल वाचणाऱ्याला पहिल्या पानावर आठ लाखाचा कॅमेरा दिसला की त्याला वाटतं स्टुडिओ उभा करायला पैसे मागतायत, आणि बऱ्याचदा तो बरोबर असतो. भाड्याने दाखवा, दिवसांचा हिशेब दाखवा, तुमचा स्वतःचा माल वापरणार असाल तर तो बाजारभावापेक्षा कमी दराने आणि तसं उघड लिहून. एडिटिंगची मशिनं विकत घेतली तर मालकी कॉलेजची ठेवा. त्याऐवजी पैसे टाका ते मुलांच्या जाण्यायेण्यावर, जेवणावर आणि थोड्या स्टायपेंडवर. महाबळेश्वरच्या बाजूच्या किंवा जावळीतल्या वाड्यावरून येणारं पोरगं तीन महिने एसटीचे पैसे घालून येणार नाही, रोजंदारी बुडवून तर नाहीच. गळती होते ती शिकवण्याच्या दर्जाने क्वचित आणि एसटीच्या भाड्याने जास्त. संध्याकाळी उशीर झाला तर मुलींना घरी सोडायची गाडी ही लाइन बजेटमध्ये वेगळी दिसली पाहिजे, कंपनीतल्या मॅडम ती लाइन वाचून पुढचं पान उलटतात असा माझा अनुभव आहे. अपघात विमा घाला, लाइट आणि केबलमध्ये काम आहे, हा खर्च किरकोळ असतो आणि नसला तर सगळं बुडवू शकतो. असेसमेंटची फी, शेवटी एक महिना मुलांचा फॉलोअप करणाऱ्या माणसाचं मानधन, हे विसरतात सगळे.

आणि शेवटचा महिना क्लासमध्ये घालवू नका. मुलांना चालू युनिटवर निरीक्षक म्हणून ठेवा, प्रॉडक्शनवाल्याशी आधी बोलून, दोन-दोनच्या जोड्या करून. कोल्हापूरची चित्रनगरी तुमच्यापासून फार लांब नाही, तिथेही एखादा आठवडा होऊ शकतो. एक मात्र, शिकाऊ म्हणून पाठवलेल्या पोरांकडून बारा तास फुकट काम करून घेणारे युनिट भेटतात, त्यामुळे तास आणि जेवण लेखी घ्या. "शिकायला मिळतंय ना" हे वाक्य या धंद्यात फार महाग पडतं, पडतं ते शिकणाऱ्याला.

अप्रेंटिसशिपचं फार कोणी बघत नाही पण तुमच्यासारख्या स्टुडिओला ती सगळ्यात सोपी आहे. अप्रेंटिस कायदा १९६१चा आहे, ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक, चार ते एकोणतीस असतील तर स्वेच्छेने घेता येतात. २०१६च्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र देतं आणि आता तो थेट मुलाच्या खात्यात जातो. पदवी-डिप्लोमावाल्यांसाठी वेगळी नॅट्स योजना आहे तिथे वाटा निम्मा असतो. तुमच्याकडे मिस्टर, तुम्ही, दोन शूटर आणि एक एडिटर धरला तर मोजणीत बसायला माणसं पगाराच्या रजिस्टरवर पाहिजेत, नुसती "आपलीच पोरं" म्हणून चालत नाही. राज्याने जुलै २०२४मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८, पदवीला १० हजार महिना, ते विद्यावेतन सरकार देतं. त्यात आस्थापना म्हणून नोंदणी राज्याच्या महास्वयम पोर्टलवर, उद्यम (छोट्या उद्योगांची नोंदणी) आणि बाकीचे नोंदणीचे कागद हवेत. ती सध्या कुठल्या अटींवर चालू आहे ते साताऱ्याच्या त्याच ऑफिसात एका फेरीत कळेल.

बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय, अमृत या संस्थांचंही विचारतात लोक. या आपापल्या समाजघटकातल्या मुलांसाठी ट्रेनिंगचे पैसे देतात, पण बहुतेक वेळा त्या स्वतः जाहिरात काढून संस्था निवडतात, तुम्ही मधेच प्रपोजल दिलं तर "जाहिरात येईल तेव्हा भरा" हेच उत्तर. त्यांच्या वेबसाइट महिन्यातून एकदा बघायची सवय लावा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने म्हणजे एफटीआयआयने २०१७पासून स्किफ्ट नावाने देशभर शॉर्ट कोर्स घ्यायला सुरुवात केली, त्यांना एखादा विभाग किंवा कंपनी पैसे देऊन ठरावीक मुलांसाठी कोर्स घ्यायला सांगू शकते, पुणे तुमच्यापासून दोन-अडीच तासांवर, हाही विचार सीएसआरवाल्यांपुढे ठेवा. मोठं नाव बघून त्यांची सही लवकर होते.

जाता जाता एक सांगतो, ब्रिटनमध्ये १९९९पासून सिनेमाच्या बजेटचा अर्धा टक्का ट्रेनिंगच्या निधीत द्यायची पद्धत आहे, कायद्याने नाही, स्वेच्छेने, आणि २०१३ला मोठ्या टीव्ही ड्रामांना टॅक्सची सवलत आली तेव्हा तिकडेही तसाच निधी उभा राहिला, आज ते स्क्रीनस्किल्स नावाची संस्था बघते. म्हणजे ज्यांना माणसं लागतात तेच शिकवायला पैसे घालतात. आपल्याकडे १९८१च्या कायद्याने सिनेमावर सेस होता पण तो कामगारांच्या कल्याणासाठी, औषधपाणी आणि मुलांची शिक्षणं यासाठी. वाईत जे प्रॉडक्शन महिनाभर तळ ठोकतं त्याने चार पोरांच्या ट्रेनिंगचा खर्च उचलावा असं लोकेशनच्या परवानगीत कोणी लिहीत नाही. ग्रामपंचायत लोकेशनचं भाडं घेते तेव्हा हे मागून बघायला काय हरकत आहे?

आता भाचा. साडेतीन लाख फीचा खाजगी कोर्स, त्याला सरळ सरकारी अनुदान जवळपास नाहीच. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्यांना संस्था आणि कोर्स दोन्ही त्या यादीत असावे लागतात, सहा महिने-वर्षाचे खाजगी सर्टिफिकेट कोर्स तिथे सहसा नसतात. फी भरण्याआधी संस्थेला एकच प्रश्न विचारा, "तुमचा कोर्स महाडीबीटीवर कुठल्या नावाने आहे?" काउन्सेलर मुलगी "हो सर सगळ्या स्कॉलरशिप मिळतात" म्हणाली तर नाव मागा. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयाला, महिन्याला ५,००० दोन वर्षं, पण त्यात संगीत, नृत्य, नाटक, मूकाभिनय, दृश्यकला, लोककला येतं, सिनेमाचं साउंड नाही. भाच्याचे आई-वडील कोणी सेटवर काम करणारे असतील तर सिनेकामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आहे, प्रोफेशनल कोर्सला वर्षाला २५ हजारांपर्यंत, उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि ही बहुतेकांना माहीतच नसते.

कर्जाचं बघितलं तर जुलै २०२४मध्ये मॉडेल स्किल लोन योजनेची मर्यादा दीड लाखावरून साडेसात लाख केली, सरकारची गॅरंटी असते, स्किल इंडिया डिजिटल हबवर असलेले कोर्स त्यात येतात. बँकेत गेल्यावर शाखेतल्या साहेबांना हे माहीत नसेल तर परिपत्रकाची प्रिंट घेऊन जा. पण त्याआधी भाच्याला विचारा बारावीला फिजिक्स होतं का आणि पदवी झालीय का. दोन्ही असेल तर त्याने पुण्याच्या एफटीआयआयच्या आणि कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेच्या साउंडच्या प्रवेशपरीक्षा द्याव्यात, सीट मोजक्या आहेत, एखादं वर्ष जाईल, पण शिक्षण आणि ओळखी दोन्ही वेगळ्या पातळीवरच्या. पदवी व्हायची असेल तर ती पूर्ण करता करता वाईत येणाऱ्या युनिटच्या लोकेशन साउंडवाल्याच्या मागे लागून बूम म्हणजे लांब काठीवरचा माइक धरायला सुरुवात करू दे. परदेशाचं डोक्यात असेल तर राज्याच्या परदेशी शिष्यवृत्त्यांना जागतिक रँकिंगमधलं विद्यापीठ लागतं आणि फक्त सिनेमा शिकवणाऱ्या शाळा त्या रँकिंगमध्ये सहसा नसतात, म्हणून मोठ्या विद्यापीठातला फिल्म किंवा साउंडचा मास्टर्स शोधावा लागतो. जे एन टाटा एन्डावमेंट आहे पण ती कर्ज-शिष्यवृत्ती, परत करायची असते.

तर ताई तुम्ही या महिन्यात तीन गोष्टी करा. लोकेशनवाल्यांची आणि लाइन प्रोड्युसरची पत्रं गोळा करा, कॉलेजच्या प्राचार्यांना भेटून त्यांच्या संस्थेचं सीएसआर-१ आहे का विचारा, आणि साताऱ्याला जाऊन आरपीएल आणि कार्यप्रशिक्षण योजनेची सध्याची स्थिती काढा. कंपन्यांचं आर्थिक वर्ष मार्चला संपतं, डिसेंबर-जानेवारीत त्यांना उरलेला पैसा दिसायला लागतो, त्यामुळे दिवाळीनंतर लगेच प्रपोजल टेबलावर पाहिजे. दोन पानांचं करा, बजेट तिसऱ्या पानावर. लिहून झालं की आकडे इथे टाका, कुठल्या लाइनवर प्रश्न येतील ते सांगतो.